समग्रमध्ये तीनच नावं

भोपाळ

बाबा, तुम्हाले आन् आईले लेकीचा जय भीम.

मी बरी आहे. होस्टेलची भाजी पानचट असते, पण आईचं लोणचं अजून पुरून राहिलं.

परवा स्कॉलरशिपचा फॉर्म भराले बसली. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, मार्कशीट, सगळं चढलं. मंग समग्र आयडी, म्हणजे आपल्या मध्यप्रदेश सरकारच्या कुटुंब-नोंदीचा नंबर, टाकला आन् पाहते तर काय! आपल्या कुटुंबात तीनच नावं! तुमचं, आईचं आन् अंकुशचं. मी नाहीच. घरात नाव नाही तर तुमच्या उत्पन्नाचा दाखला माह्या काही कामाचा नाही, म्हणून फॉर्म तिथंच अडकला.

अंकुशले फोन केला. तो म्हणे, लग्नानंतर मोनालीताईचं नाव काढाले तुम्ही पंचायतीत गेले होते. सचिवानं विचारलं, "पोरी घरी आहेत का?" तुम्ही म्हटलं, "दोघीही गेल्या." त्यानं दोघींची नावं काढली आन् तुम्ही सही केली.

असं कसं म्हटलं बाबा तुम्ही?

कॉलेजचा दाखला सोबत पाठवून राहिली. वीस तारखेच्या आत नाव परत जोडा लागते. संत्र्याची तोड चालू असन, तरी एक दिवस कामावर जाऊ नका. आईचे गुडघे कसे आहेत?

सचिवाले सांगजा, मोठी सासरी गेली, लहानी शिकाले गेली. लहानी दिवाळीत घरी येते.

माही खाट अजून जागेवरच आहे ना?

तुमच्याच घरची,
चंचल