आधी हत्ती पितात

२० सप्टेंबर, शनिवार

वीस मिनिटं! मला! वीस मिनिटं!

आमच्या मंडळाच्या निशिकांतचा फोन आला तेव्हा इडली तोंडाशी होती, ती तशीच राहिली. धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम बारा ऑक्टोबरला, मरीन परेडला त्याच्याच कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये. "प्रबोधदादा, मागच्या वर्षी तुम्ही पाऊण तास घेतलात. जेवण गार झालं. बायका अजून बोलतात." मी म्हटलं, भाषणाबद्दल बोलत असतील. "नाही हो, मसालेभाताबद्दल."

त्याची बायको क्षिप्रा पहिल्या रांगेत घंटी घेऊन बसणार आहे म्हणे. सायकलची घंटी!

विषय मात्र मी ठरवला — पाणी. महाडच्या तळ्यापासून निघायचं आणि थेट आफ्रिकेत पोचायचं. झिम्बाब्वेतल्या ह्वांगे नॅशनल पार्कात, जिथे माझी एकता जानेवारीपासून जनावरांच्या पाणवठ्यांवरचे सोलर पंप सांभाळते आहे. तिकडे आता कोरडे महिने. पंप बंद तर पाणी बंद. इथली एसीतली इंजिनियरची नोकरी सोडून पोरगी तिथे धुळीत पाना फिरवते.

डिसेंबरात तिचं वर्ष संपतं. तिच्या संस्थेने विचारलंय — आणखी दोन वर्षं थांबशील का? पंधरा ऑक्टोबरपर्यंत सही करायची की नाही, हे तिने कळवायचं आहे. "बाबा, काय करू?" मी म्हणालो, तू स्वतंत्र आहेस. जन्मभर व्यासपीठावरून तेच सांगत आलो, घरी वेगळं काय सांगणार!

लता फोन ठेवल्यावर म्हणाली, "स्वतंत्र आहेस म्हणताना तोंड काढा प्यायल्यासारखं झालं होतं तुमचं."

परत यावी. हे इथेच लिहितो. बायकोलासुद्धा म्हणवत नाही.

२३ सप्टेंबर

शेवट सुचला! एमआरटी ट्रेनमध्ये, उभ्या उभ्या.

संध्याकाळ. करपलेली जमीन. मैलोन्‌मैल एकच पाणवठा. हत्ती येतो. झेब्रा येतो. हरिण येतं, रानडुक्कर येतं. कोणी कोणाला विचारत नाही — तू कुठल्या आळीतला? सगळ्यांच्या तोंडी तेच पाणी! इथे थांबायचं. श्वास घ्यायचा. मग — "जे जनावराला कळतं ते माणसाला कळायला अजून किती पिढ्या हव्यात?"

टाळ्या मला आत्ताच ऐकू आल्या. उतरायचं स्टेशन मागे गेलं.

२७ सप्टेंबर, शनिवार

दुपारी जेवताना एकताचा व्हिडिओ कॉल. तिकडे सकाळ. मागे कुठेतरी कवडे घुमत होते. तिला शेवट म्हणून दाखवला, पूर्ण आवाजात. खालच्या मजल्यावरच्या आंटीने झाडूच्या दांड्याने छत ठोकलं, एवढ्या आवाजात.

एकता गप्प. मला वाटलं, गहिवरली. मग हसायला लागली. हसता हसता फोन पडला तिचा.

"बाबा, नो ला! हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"सगळ्या जगाला माहीत आहे!"

"थांबा. व्हिडिओ पाठवते."

पाठवला. लता आणि मी डोकं लावून पाहिला. पाणवठ्याच्या कडेला, जिथे पंपाचा पाइप पाणी सोडतो, नेमका तिथे एक थोराड सुळेवाला हत्ती उभा. सगळ्यांत स्वच्छ पाणी त्याचं. मागे त्याचे सगेसोयरे. झेब्रे लांब धुळीत ताटकळत. एक शिंगरू हिंमत करून पुढे आलं — हत्तीने कान पसरले, चीत्कार केला आणि धावून गेला. झेब्रे पांगले. रानडुकराच्या अंगावर सोंडभर चिखल. सावलीत पडलेली सिंहीण उठली आणि निमूट चालती झाली. सिंहीणसुद्धा!

व्हिडिओत एकताचा आवाज : "आधी हत्ती पितात, बाबा. बाकीचे थांबतात. काही थांबता थांबता आडवे होतात."

लता पदराने डोळे पुसत म्हणाली, "अगं बाई, हा तर आमच्या गावचा पाटील!"

एकता म्हणे, त्या सुळेवाल्याचं नाव तिने प्रबोध ठेवलंय. का? "माइक सोडत नाही म्हणून."

माझा शेवट गेला!

२८ सप्टेंबर

भांडण झालं. खरंखुरं.

एकताला म्हणालो, मग तू काय करतेस तिथे? हत्तींना पाणी उपसून देतेस? ती म्हणाली, दुसरं टाकं बांधतेय, थोडं लांब. उथळ. भोवती टोकदार दगडांचा पट्टा, सोंड पोचणार नाही एवढा रुंद. हत्ती असल्या दगडांवर पाय ठेवत नाही. मध्ये अरुंद वाटा — डुकरं, हरणं, झेब्रे जातील. "लहानांसाठी वेगळं पाणी."

वेगळं पाणी!

माझं डोकंच फिरलं. म्हणालो, वेगळं पाणी? माझ्या घरातली मुलगी वेगळं पाणी बांधते? आपल्या माणसांनी कशासाठी मार खाल्ला? वेगळा आड बांधून देतो म्हणणारे तेव्हाही होते! तेही गोडच बोलायचे!

तीही माझीच मुलगी. "बाबा, हत्तीला जात नसते! त्याला तहान असते, रोजची दोनशे लिटर! त्याला काय कायदा दाखवू? तुमचं भाषण ऐकवू?"

"ऐकव!"

"तो तरी पळून जाईल!"

तिने फोन ठेवला. लता म्हणाली, "तुम्ही दोघं एका पाणवठ्यावर नको."

२ ऑक्टोबर

एकताचा फोन नाही. मी केला नाही. लता रोज बोलते तिच्याशी, स्वयंपाकघराचं दार लोटून. आतून हसण्याचे आवाज येतात. माझ्यावरच असणार.

५ ऑक्टोबर, रविवार

भाषणाच्या सरावाला पुलाउ उबीन बेटावर. क्वीन्सटाउनच्या आमच्या फ्लॅटात आता खालच्या आंटीमुळे जमत नाही. तिकडे नेणाऱ्या छोट्या बमबोटीत लता म्हणाली, "बेटावर कोणी तक्रार करणार नाही. झाडं पळू शकत नाहीत."

सायकली उभ्या करून झाडाखाली उभा राहिलो. शेवट नव्हताच, तरी सुरुवात केली. "बंधूंनो आणि भगिनींनो" म्हणतोय तोच झाडीतून रानडुकरं. एक धिप्पाड मादी, एक मध्यम, मागे रेघारेघांची पिल्लं. मी म्हटलं, वा, श्रोते! धिप्पाड डुकरिणीने थेट माझ्या सायकलच्या बास्केटमधली पिशवी ओढली. आत आमची थालीपिठं.

"बघा बघा," लता दगडावर चढून ओरडली, "समतेने वाटून खातायत का!"

कसलं काय. पिल्लू जवळ आलं की धिप्पाड बाई त्याला नाकाने उडवायची. सगळी थालीपिठं तिने खाल्ली. लसणाच्या चटणीसकट! मग शिंकत झाडीत गेली. पिल्लांनी पिशवी चाटली.

मी बराच वेळ त्या पिशवीकडे बघत उभा होतो. पुस्तकांत वाचलं, व्यासपीठावरून सांगितलं, आणि डोळ्यांसमोर थालीपीठ गेलं तेव्हा कुठे पटलं! एका डुकरालाही वाटावंसं वाटलं नाही. का वाटावं? त्याला कोणी शिकवलं?

परतीच्या बोटीत एकताला फोन केला. जरा वेळ दोघंही "जेवलीस का, जेवलात का" करत राहिलो. मग डुकरिणीची गोष्ट सांगितली. ती एवढी हसली की बोटीतला चिनी म्हातारा वळून माझ्याकडे बघून हसला.

मग म्हणाली, "बाबा, जनावरांकडून कशाला धडे घेता? त्यांना जमत नाही ते आपल्याला जमतं. महाडला लोक निसर्गाने नेले नव्हते. चालत गेले होते."

ही माझी मुलगी! हे वाक्य मला का नाही सुचलं!

मी विचारलं, मग वेगळं पाणी? म्हणाली, "एकच बोअर, एकच पंप, तेच पाणी. मी फक्त पाइप पुढे नेतेय. जो पोचत नाही त्याच्यापर्यंत."

गप्प बसलो. लताने तोंडावर हात ठेवला. मी गप्प बसल्याचं तिला अप्रूप.

८ ऑक्टोबर

नवा शेवट झाला. जुन्यापेक्षा दसपट चांगला.

समता झाडाला लागत नाही! नदीत वाहत नाही! निसर्ग समान आहे म्हणणाऱ्याने एकदा पाणवठ्यावर झेब्रा होऊन उभं राहावं! समता बांधावी लागते. हाताने. दगड रचून, पाइप जोडून, उन्हात. आणि बांधली की संपत नाही — हत्ती रोज येतो, रोज पाइप उखडतो. म्हणून कोणीतरी तिथे थांबावं लागतं.

लिहून झालं आणि शेवटचं वाक्य परत वाचलं. कोणीतरी तिथे थांबावं लागतं.

खोडलं. त्याच्याशिवाय वाचून पाहिलं. भाषण लंगडं झालं.

परत लिहिलं. भाषणाला ते वाक्य हवं आहे. बापाला नको आहे.

११ ऑक्टोबर

घरी तालीम. लता इस्त्री करत ऐकत होती. शर्ट झाले, साड्या झाल्या, पडदेसुद्धा झाले.

१२ ऑक्टोबर, रविवार

झालं.

रूम भरलेली. त्रिशरण-पंचशील झालं, पोरांची गाणी झाली. निशिकांतने पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर लॅपटॉप ठेवला होता, त्यात एकता. तिकडे भर दुपार, डोक्यावर टोपी, नाकावर धूळ. शेजारी क्षिप्रा, अंगठा घंटीवर.

महाड झालं. ह्वांगे झालं. सुळेवाल्या प्रबोधची गोष्ट मीच सांगितली, माइकसकट. लोक खुर्च्यांवरून पडायचे राहिले. निशिकांत तर उठून उभा राहिला, "दादा, हत्तीलाही वीस मिनिटं द्या!" उबीनची डुकरीण झाली. मग आवाज चढवला. समता बांधावी लागते!

"म्हणून कोणीतरी तिथे —"

समोर लॅपटॉप. ती टोपी काढून ऐकत होती.

पुढे आलंच नाही. वाक्य पाठ होतं. शब्द समोर दिसत होते. इतकी वर्षं भाषणं करतोय, मोर्चे, सभा, लाइट गेलेल्या सभा — कधी असं नाही. किती वेळ गेला कोण जाणे. क्षिप्राने घंटीवरचा अंगठा उचलला आणि घंटी पर्समध्ये ठेवली.

"— थांबावं लागतं," म्हणालो. हळू. "जय भीम." आणि बसलो.

टाळ्या जरा उशिराने आल्या, पण आल्या त्या थांबेनात. निशिकांत कानाशी येऊन म्हणाला, "दादा, इतिहास घडला. मसालेभात वाफाळतोय!"

१४ ऑक्टोबर

सकाळी एकताचा मेसेज : "बाबा, परवा तुम्ही थांबलात. तुम्ही कधी थांबत नाही. मी सही करत नाहीये. डिसेंबरमध्ये घरी येते."

खाली पळालो. हॉकर सेंटरच्या खाण्याच्या टपऱ्यांत कॉफीवाल्या अंकलला सांगितलं — डॉटर कमिंग होम! त्याने साखर जास्त घातली. ऑफिसात सांगितलं. निशिकांतला सांगितलं. लतालाही फोनवर ओरडूनच सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "जिंकलात म्हणायचं."

जिंकलोच! आजवरच्या भाषणांत जे शब्दांना जमलं नाही ते गप्प बसून जमलं!

संध्याकाळी मेसेज परत उघडला. खाली एक फोटो होता, सकाळी आनंदात पाहिलाच नव्हता. दुसरं टाकं. दगडांचा पट्टा पुरा झालाय. वाटा झाल्यात. पाइप अजून यायचाय. कोरड्या टाक्यात एक रानडुक्कर गुडघे टेकून सिमेंट हुंगतंय. मागे दोन झेब्रे, वाट बघत.

ती आली की हे कोण पुरं करणार, ते तिने लिहिलेलं नाही. मीही सकाळपासून कोणाला विचारलेलं नाही.

१५ ऑक्टोबर

सकाळी चहाच्या आधी एकताला लिहिलं : "सही कर. डिसेंबरात आम्ही येतो."

एवढंच. लता खांद्यावरून वाचत होती. कपाटावरची मोठी बॅग खाली ओढायला लागली.