दिल्लीला गेलेलं मडकं

आई,

"मावशी, तुमच्या हातचं हे मडकं आता दिल्लीला जाणार बरं का," असं धाकटे सर तुला म्हणाले, तेव्हा तू खड्ड्यात उकिडवी बसली होतीस आणि मी वर, दोरीच्या अलीकडे, दप्तर मांडीवर घेऊन. ते वाक्य त्यांनी कसं म्हटलं ते मला अजून आठवतं. वहीत काहीतरी लिहिता लिहिता, मान वर न करता, एखाद्या पोरीला ‘तुला राजाच्या घरी देऊ’ म्हणावं तसं. तू मात्र ते हसण्यावारी नेलं नाहीस. हातातला ब्रश खाली ठेवलास, पदराला हात पुसलेस आणि विचारलंस, "दिल्लीत कुठं?" "म्युझियममध्ये," ते म्हणाले. "सगळ्या देशातनं निघालेल्या वस्तू असतात तिथं." तू मान हलवलीस, जशी बाजारात दुकानाचा पत्ता कळल्यावर हलवायचीस.

घोडनदीच्या काठावर, तुझ्या माहेराजवळच्या टेकाडावर, थंडीत ते खोदकाम चालायचं. पुण्याहून सर लोक येऊन तंबू ठोकायचे आणि गावातल्या बाया-गड्यांना रोजावर घ्यायचे. आप्पा दौंडला लोको शेडमध्ये खलाशी, इंजिनं धुणारे-पुसणारे, आपली खोली रेल्वेच्या चाळीत. पण ते हिवाळे तू मला घेऊन माहेरीच राहिलीस. आप्पा चाळीत सांगायचे, "रोजासाठी न्हाई जात ती. मातीत हात घालायला जाती." बाकीच्या बाया पाट्या वाहायच्या. तुला मात्र सरांनी पहिल्याच महिन्यात चाकू आणि ब्रश दिला. वस्तू दिसली की उपसायची नाही, भोवतीची माती हळूहळू काढत जायची, सर येऊन तिचं चित्र काढेपर्यंत तिला जागेवरच उभी राहू द्यायची, हे तू त्यांच्याकडून एकदाच ऐकलंस आणि पुढं इतर बायांना तूच शिकवलंस. खड्ड्यात उतरताना चप्पल काढायची, हा तिथला नियम. मी एकदा खेळता खेळता दोरी ओलांडून काठावरून खाली उडी मारली, तेव्हा तू सगळ्यांदेखत माझ्या पाठीत धपाटा घातलास. "कुणाचं तरी घर हाय ते," म्हणालीस. मला तिथं नुसती माती दिसत होती.

सर म्हणाले होते, ही वस्ती तीन हजार वर्षांपूर्वीची. तू विचारलंस, तीन हजार म्हणजे किती. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "तुमची आजी, तिची आजी, मग तिची आजी, असं साठेक वेळा म्हणा." त्या संध्याकाळी तू भाकऱ्या थापता थापता म्हणून बघत होतीस. तुझी आजी पाबळची, तिची आजी मांडवगणची, आणि तिथं तुझा हात थांबला. पुढच्या आजीचं गाव तुला माहीत नव्हतं. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी तू चुलीकडं नुसती बघत होतीस. मग म्हणालीस, "आन् तिच्या हातचं मडकं मात्र गावलं बघ."

ते मडकं मोकळं करायला तुला दोन दिवस लागले. वीतभर उंचीचं, तांबडं, त्यावर काळ्या रेघा आणि बाजूला एक तोटी. तोटीच्या खाली छोटा खळगा होता. ओल्या मातीत तोटी चिकटवताना करणाऱ्याचं बोट दाबलं गेलं असणार. तू आपली करंगळी त्यात ठेवलीस आणि ती बसली. "बाईमाणसाचं बोट हाय," म्हणालीस. मग मला खाली बोलावलंस, चप्पल काढायला लावलीस आणि माझंही बोट तिथं ठेवलंस. आत गार होतं. तेवढ्यात धाकटे सर आले, मी दोरीपलीकडे वर पळाले, त्यांनी चित्र काढलं, आणि ते वाक्य बोलले.

पुढच्या हिवाळ्यात आप्पांचा रेल्वेचा पास निघाला. त्यांच्या मनात नागपूर होतं, चाळीतली सगळी आपली माणसं नागपूरला जाऊन आली होती. तू म्हणालीस, "नागपूर पुढल्या वर्षी. आवंदा दिल्ली." तू स्वतःसाठी काही मागितल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होते, बहुधा आप्पाही. त्यांनी वाद घातला नाही. "मडकं बघाया दीड हजार किलोमीटर," एवढंच म्हणाले आणि हसले.

मला आठवतं ते असं. मनमाडला गाडी बदलून आपण पुढच्या गाडीत बसलोय, डबा कोंदट आहे, आणि मी खिडकीशी बसून स्टेशनांच्या पाट्या वाचतेय. मी चौथीत होते, घरात वाचता येणारी मी एकटीच. तुला आणि समोरच्या बाईला मी एकेक नाव ओरडून सांगतेय, आणि तू प्रत्येक नावाला मान हलवतेस, जणू ते गाव तपासून बरोबर निघालं. "हिनं वाचलं म्हंजी तेच," तू त्या बाईला सांगतेस. आपली भाकरी भुसावळच्या पुढं कडक झाली, चटणी तेवढी उरली. दिल्लीत उतरलो तेव्हा थंडीनं माझे दात वाजत होते. आप्पांनी आपला शेडमधला निळा कोट तुझ्या अंगावर चढवला आणि पुढचे तीन दिवस तू लुगड्यावर तो पितळी बटणांचा कोट घालून राजधानी पाहिलीस. धर्मशाळेतला पोऱ्या तुला मेमसाब म्हणाला, तेव्हा आप्पा म्हणाले, "बघ, तुझी बढती झाली. मी अजून खलाशीच."

लाल किल्ल्याच्या भिंतीपाशी तू थांबलीस. दगड हातानं चाचपून बघितलास. कुतुबमिनारपाशी सगळी माणसं माना मागं टाकून वर बघत होती. तूही एकदा बघितलंस, तुझा पदर घसरला, आणि मग तू खाली बसून त्याचा पाया बघायला लागलीस. "येवढं उभं ऱ्हायाचं म्हंजी खाली किती खोल गेलं आसल," तू म्हणालीस. आप्पा मला म्हणाले, "दुनिया वर बघती, तुझी आई खाली." पण मी तुझ्याशेजारी बसले आणि खरंच, खालून तो मिनार जास्त उंच दिसत होता. त्यानंतर कुठलीही मोठी इमारत मी आधी पायाशी बघते. ही सवय तुझी.

संसद भवनाच्या बाहेर शिपायानं आपल्याला रस्त्याच्या पलीकडेच थांबवलं. ते गोल खांब धुक्यातून हळूहळू वर येत होते. आप्पांनी टोपी काढली. आपल्या घरातल्या तसबिरीतले बाबा इथं बसून राज्यघटना लिहायचे, असं ते मला म्हणाले. तू विचारलंस, "आत जाता येत न्हाई का?" "आपल्यासाठी आतनंच लिवून बाहेर आलंय," आप्पा म्हणाले. "आपुन आत कशाला?" आणि टोपी तशीच हातात धरून ते मागं वळले.

म्युझियम शेवटच्या दिवसावर राहिलं, आणि संध्याकाळची परतीची गाडी होती. पहिल्याच दालनाच्या दारात तू चप्पल काढलीस. पहारेकरी पुढं आला आणि म्हणाला, "माताजी, ये मंदिर नहीं है." तू माझ्याकडं बघितलंस. मी सांगितलं, देऊळ न्हाई म्हणतोय. "देवळात कोन जातंय," तू म्हणालीस, "आमी तर सोडून दिलं ते. त्याला सांग, खणलेल्या वस्तूपाशी चप्पल घालत न्हाईत." आप्पांनी शेडमधल्या हिंदीत त्याला काय सांगितलं कोण जाणे, पण तो हसला आणि त्यानं चपला बाकाखाली सरकवून ठेवल्या. त्या गार फरशीवर तू अनवाणी, कोटाची बटणं लावून, एकेका काचेसमोर उभी राहात गेलीस. बुद्धाच्या मूर्तीसमोर हात जोडलेस, आणि पुन्हा मडक्यांकडं वळलीस.

किती मडकी होती तिथं. तू प्रत्येकापाशी थांबायचीस. "हे घाईत भाजलंय." "ह्याचा काठ मागनं जोडलाय, रंग बघ." जणू सगळी ओळखीच्या घरातली भांडी. मी खालच्या पाट्या वाचत होते, हिंदीतल्या, आणि प्रत्येक वेळी सांगत होते, हे नव्हं, हे दुसऱ्या गावचं. तू मान हलवून पुढं व्हायचीस. तीन दालनं झाली. आप्पा बाकावर बसले होते. "अगं, गाडी," ते मधून मधून म्हणत. तुझे पाय सुजले होते, तळवे काळेनिळे पडले होते. पहारेकरी घंटा वाजवत शेवटच्या दालनात आला आणि तू पहिल्यांदाच मला विचारलंस, "नसल का गं आनलं अजून?" तुझा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. एवढ्या दिवसांत लाल किल्ला, मिनार, संसद सगळं बघून झालं होतं, आणि तू ज्यासाठी आलीस ते सोडून सगळं मोठं मोठं तुला दिसलं होतं.

त्या दालनाच्या कोपऱ्यातल्या पेटीत तोटीचं एक मडकं होतं. तांबडं, काळ्या रेघांचं, वीतभर. मी धावले. खालच्या पाटीवर नर्मदेकाठच्या कुठल्याशा गावाचं नाव होतं. मी ते नीट वाचलं. आणि मोठ्यानं म्हणाले, "घोडनदी, तालुका शिरूर, जिल्हा पुणे."

तू आलीस. काचेजवळ उभी राहिलीस. मग खाली बसलीस, कुतुबमिनारपाशी बसली होतीस तशी, आणि मान वाकडी करून तोटीच्या खालून बघितलंस. मीही तुझ्याशेजारी वाकले. तिथं खळगा नव्हता. सपाट, गुळगुळीत होतं. मला ते दिसलं. तू वळून माझ्याकडं बघितलंस. मग गुडघ्यावर हात टेकून उठलीस आणि बाकाकडं बघून म्हणालीस, "अवं, या हिकडं. गावलं. हेच हाय." आप्पा धावत आले. त्यांनी पहारेकऱ्याला बोलावलं, तुझ्याकडं बोट दाखवलं, "इसने निकाला, मेरी घरवालीने." पहारेकरी तुला सलाम करून गेला. तू काचेवर हात ठेवलास आणि तुझ्या चेहऱ्यावर जे आलं ते खरंच होतं. एवढ्या मोठ्या घरात, एवढ्या उजेडात, कुणा बाईच्या हातचं मडकं ठेवलंय, हे तू बघत होतीस. ते कुठल्या नदीचं, हे त्या घटकेला तुला तेवढं मोठं वाटलं नसावं, अशी मी इतकी वर्षं स्वतःची समजूत घालत आले.

पण त्या महिन्याअखेर आपण पुन्हा टेकाडावर गेलो तेव्हाचं मला विसरता येत नाही. धाकटे सर चहा घेत उभे होते. "काय मावशी, दिल्ली बघितली म्हणे?" मी दोरीपाशी उभी होते. आता तू विचारणार, माझं मडकं कुठल्या पेटीत ठेवलंय, सर सांगणार की ते दिल्लीला गेलेलंच नाही, आणि सगळं उघडं पडणार. तू चप्पल काढत म्हणालीस, "बघितली. लई मोठी हाय." आणि खड्ड्यात उतरलीस. मडक्याचं नाव काढलं नाहीस. त्या दिवशी नाही, नंतरही कधी नाही. आप्पा चाळीत, शेडमध्ये, लग्नाकार्यात सगळ्यांना सांगत राहिले, आमच्या मंडळींचं मडकं दिल्लीत हाय. बाया तुला विचारायच्या. तू म्हणायचीस, "थंडी लई होती, बया," आणि विषय बदलायचीस. एरवी तू कधी खोटं बोलली नाहीस. ज्या दिवशी बोललीस, तो दिवस माझ्यामुळं आला.

परवा मी दिल्लीला गेले होते. त्या दालनात आता सगळं बदललंय, तो कोपरा ओळखूही आला नाही. तुझं मडकं पुण्यात कुठल्या तरी खोक्यात कापसात असेल. विचारलं तर कुणी दाखवेलही, पण मी विचारलेलं नाही. मी आता चाळिशी ओलांडून पुढं आले आहे, तुझ्या त्या वेळच्या वयाहून मोठी. लिहिणं हेच माझं काम झालं, आणि लोक म्हणतात मी खरं लिहिते. तेव्हा प्रत्येक वेळी मला ती पाटी दिसते.

हे पत्र तू असतीस तरी मी टाकलं असतं का, कोण जाणे. पोस्टमननं दौंडच्या खोलीवर आणून दिलं असतं, तू पाकीट उलटंसुलटं करून बघितलं असतंस आणि मी सुट्टीला येईपर्यंत डब्यात जपून ठेवलं असतंस. आल्या आल्या माझ्याच हातात देऊन म्हणाली असतीस, वाच. आणि मी वाचलं असतं, मिनार, कोट, संसद, सगळं अगदी छान वाचलं असतं, आणि पाटीच्या ओळीवर आल्यावर आजही दुसरंच काहीतरी म्हटलं असतं. म्हणून एवढंच मागते. हे पत्र कुणा दुसऱ्याकडून वाचून घे. तू ऐकणार नाहीस, मला ठाऊक आहे. दुसऱ्या कुणी वाचायला घेतलं तर त्याच्या हातातून काढून घेशील आणि म्हणशील, "ऱ्हाऊ दे. माझी पोरगी यील, ती वाचंल."