पोहणं माझं, सायकल रश्मीची

१२ जानेवारी, सोमवार
काल रश्मी हात गळ्यात बांधून घरी आली. नर्मदेवरच्या बरगीच्या धरणावर या वर्षाची पहिली शर्यत होती तिची. आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, मध्ये टेकायचं नाही. पोहतानाच खांदा लचकला म्हणे. नावेत घालून काठाला आणलं.

एकच सून मला, आणि तीही अशी की पहाटे चहाच्या आधी सायकल काढते! दिवसभर फॅक्टरीच्या ऑफिसात मान मोडून बसते, तरी हौस बघा. आता पोहणं बंद सांगितलंय म्हणाली. चेहरा एवढासा झाला पोरीचा.

हे म्हणाले, "चलो, आता तरी घरात दिसेल." मी ह्यांना दुसरी पोळी विचारलीच नाही.

२५ जानेवारी, रविवार. नर्मदा जयंती
दिवा सोडून आले. ग्वारीघाटावर पाय ठेवायला जागा नाही. त्यात एका बाईची चप्पल माझ्या पायात आली. ती काय सापडणार आता. माझ्यापेक्षा चांगली होती पण.

जेवताना नात अवंतिका सांगून राहिली होती, की बरगीच्याच मार्चच्या शर्यतीत तिघींची टीमही चालते. एकीनं पोहायचं, एकीनं सायकल, एकीनं पळायचं. सायकल तिची आई करेल, पळेल ती स्वतः. कॉलेजात पळतेच ती. "पोहायला कोण मिळेल पण?"

मी म्हटलं, मी.

मग ह्यांना ठसका लागला.

आता यात काय एवढं? मी मंडल्याची. तिकडे गावाला तिन्ही बाजूंनी नर्मदा. बाबा छोट्या रुळाच्या रेल्वेत नोकरीला होते, क्वार्टरमागे दोन शेतं की पाणी. शाळा चौथीत सुटली, पाणी नाही सुटलं. म्हशीचं शेपूट धरून शिकले मी.

रश्मी म्हणाली, "आई, तुम्ही गंमत करून राहिल्या ना?"
"नाही वं. लिही माझं नाव."
शर्यतीच्या त्या दिवसानंतर आज पहिल्यांदा हसली ती. बस, मला तेवढंच पाहिजे होतं. तिचा हंगाम वाया नाही जाऊ द्यायचा.

३ फेब्रुवारी, मंगळवार
नेपियर टाउनच्या डॉक्टरीणबाईंनी छातीला वायरी लावून कागद काढला. म्हणाल्या, आजी, दिल मजबूत आहे. मी म्हटलं, नवऱ्याला लिहून द्या.

मग सदरच्या बाजारात जाऊन पोहायचा ड्रेस घेतला. मनगटापासून घोट्यापर्यंत बंद. घालताना अवंतिका एकीकडून ओढे, रश्मी दुसरीकडून. हे दारातून म्हणाले, "सर्कस कोणत्या गावी आहे?" मी म्हटलं, तुमचंही तिकीट काढलंय.

४ फेब्रुवारी
अंग अंग दुखून राहिलं. उद्याही पोहायला जाणार.

१९ फेब्रुवारी, गुरुवार
पोहायच्या तलावावर बायकांच्या बॅचमध्ये माझंच डोकं पाण्याच्या वर असते. अवंतिका काठावरून ओरडते, "आजी, तोंड पाण्यात घाल ना!" काहून? चाललो कुठं ते दिसायला नको?

शिकवणारे भैया म्हणाले, "माताजी, ये कौन सी स्टाइल है?"
"मंडला स्टाइल."
त्यांनी खरंच मान हलवली. आता दुसऱ्या बायकांना सांगतात, मंडला स्टाइल मत करो.

रश्मी ऑफिसातून थेट तिथं येते. टॉवेल घेऊन बाकावर बसते. दम कुठं घ्यायचा, सरळ रेषेत कसं जायचं, सगळं तिथूनच सांगते. चांगली मास्तरीण आहे, पण फार रागावते. मला तीच माझी सासू असल्यासारखं वाटते!

८ मार्च, रविवार
पूर्ण अंतर झालं. न थांबता. घरी येऊन शिरा केला, अर्धा मीच खाल्ला.

२१ मार्च, शनिवार
उद्या. रश्मीनं नियम पुन्हा पुन्हा म्हणून घेतला माझ्याकडून. पोहणाऱ्याच्या घोट्याला एक पट्टा असते, त्यात वेळ मोजायचं मशीन. काठावर येऊन तो सोडायचा आणि रश्मीच्या पायात बांधायचा. पोहण्याची वेळ संपायच्या आत बांधला तरच ती सायकल काढणार. नाही तर टीम बाद. पळायचंही नाही मग अवंतिकाला.

मला पाण्याची नाही, त्या पट्ट्याच्या चिकटपट्टीची काळजी. दहादा सोडून पाहिली.

२२ मार्च, रविवार
माझ्यामुळे बाद झालो.

सगळं सांगते. शिट्टी वाजली, पोरी धावत पाण्यात. मी वाकून पाणी डोक्याला लावलं, पाय लागला माफ कर म्हटलं, तोवर सगळ्या पुढे. त्याचं काही नाही. हळूहळू दोघींना मागे टाकलं. नाववाला म्हणे, "माताजी, नाव में आ जाइए." म्हटलं, तूच उतर खाली.

बाहेर आले तेव्हा वेळ होती. पट्टा सोडायला एवढी शिकले, आणि केलं काय? सूर्य वर आलेला. नर्मदेतून निघालं की मागे वळून अर्घ्य द्यायचं, जन्मभराची सवय. वळले. ओंजळ भरली. एकदा, दोनदा, तीनदा. मग हात जोडून उभी राहिले, डोळे मिटून! मागून रश्मी ओरडून राहिली, "आई, पट्टा! पट्टा द्या!" ते मला नंतर अवंतिकानं सांगितलं. मला काही ऐकू आलं नाही. पट्टा तिच्या पायात गेला तोवर वेळ संपली, आणि शर्यतीच्या साहेबांनी लाल झेंडा आडवा धरला.

अवंतिका म्हणाली, "आजी, शर्यतीत कोणी पूजा करते का?" खरं आहे तिचं.

रश्मी सायकल धरून पाण्याकडे बघत उभी होती, आणि रडली. घरी ह्यांनीसुद्धा टोमणा मारला नाही, यावरून समजा.

२३ मार्च
एप्रिलात दुसरी शर्यत आहे. अवंतिकाला सांगितलं, पुन्हा टीम लिही. अर्घ्य पहाटेच देऊन येईन. हरून बसणारी नाही मी.

२५ मार्च, बुधवार
रश्मी कणीक मळता मळता म्हणाली, "आई, एप्रिलचं नाव लिहिलं. पोहायला माझं."
मी म्हटलं, अन् खांदा?
"खांद्याला काही झालंच नव्हतं. मध्ये कोणाची तरी लाथ तोंडावर बसली, श्वास मिळेना. पट्टी मीच बांधली. तेव्हापासून पाण्याजवळ गेलं की हातपाय गार पडतात. आणि तुम्ही बाहेर आल्या तर मागं वळून त्याच पाण्याला हात जोडून राहिल्या, जसं माहेरचं माणूस सोडून निघाल्या. ते बघून वाटलं, मीच काहून भिऊन राहिली."

परात मी माझ्याकडे ओढली. उद्या ग्वारीघाट, आम्ही दोघीच. आधी गुडघाभर.