प्रकरण क्रमांक सात

तीर्थरूप मावशीस, लांबूनच वाकून नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? काकांचा खोकला थांबला का? (ठाऊक नसेल तर मांजरीला विचार. तुमच्या अबोल्यात सगळे निरोप तिच्याच मार्फत जातात.)

आमच्याकडे सध्या धांदल आहे. समाजकार्य शिकवणाऱ्या कॉलेजांवर देखरेख करणारं आमचं मंडळ ठेवायचं की गुंडाळायचं, हे ठरवायला सरकारने एक साहेब पाठवलेत. अंगाने वाळके, गंभीर, चहालाही नको म्हणणारे. आम्ही त्यांच्यापुढे नियमावल्यांचा ढीग रचला. तो बाजूला सारून त्यांनी विचारलं, "या सगळ्याने एखादं तरी घर सुधारलं का?" अध्यक्षबाई छताकडे बघू लागल्या, हेडक्लार्क पंख्याकडे. मला राहवेना. घरातली पहिली पदवीधर मी (बाबा दूधवाल्यालासुद्धा माझी ओळख पदवीसकट करून देतात), आणि या शिक्षणाने माणसं जोडली जातात यावर माझा मनापासून विश्वास. मंडळ गेलं तर उद्या कुणीही दुकानावरच्या दोन खोल्यांत समाजसेवक तयार करील! मी उठले आणि आदर्श अहवालांच्या फायलीतून प्रकरण क्रमांक सात काढलं: 'अबोला धरलेलं वयस्क जोडपं'.

आता रागावू नकोस. शेवटच्या वर्षाला मी आठ रविवार तुमच्याकडे जेवायला आले, ते अभ्यासासाठी. (जेवणासाठीही.) आठव्या रविवारी काका म्हणाले, "मीठ कमी आहे," आणि तू मांजरीकडे न बघता थेट त्यांना म्हणालीस, "मग घ्या की!" माझे डोळे भरून आले. मी लिहिलं, 'संवाद पूर्ववत सुरू.' सोमवारी तुम्ही पुन्हा मांजरीकडे वळलात, हे मला अहवाल जमा केल्यावर कळलं. तोवर त्याला पैकीच्या पैकी मार्क पडले होते. आज बेचाळीस कॉलेजांतली मुलं तुमच्यावर उत्तरं लिहून पास होतात.

साहेबांनी तो अहवाल दोनदा वाचला. असो. गुडघ्याला शेक देत जा.

तुझी भाची

ता. क. साहेब ते जोडपं बघायला गुरुवारी दुपारी तुमच्याकडे जेवायला येताहेत. पत्ता मीच दिला. (गोपनीयतेच्या पेपरातही मला पैकीच्या पैकी होते.) आमच्या सतरा जणांच्या नोकऱ्या आता तुझ्या जिभेवर आहेत. तेवढं काकांशी बोल. आधी कोण बोलणार यावरून भांडलात तरी चालेल.

ता. क. २. त्या दिवशी मांजर शेजाऱ्यांकडे ठेव. आणि हा निरोप काकांना तिच्याकरवी देऊ नकोस.

ता. क. ३. हे लिहिणार नव्हते. निघताना साहेब दारात घुटमळले आणि हळूच म्हणाले, "आठच भेटी पुरल्या? आमच्या घरी पाच वर्षं झाली हो." तेव्हा मावशी, मंडळाचं काय व्हायचं ते होवो. गुरुवारी मीठ जरा कमीच घाल.