बाईंच्या मागे ‘जी’ लावायचं नाही

बाई, तुम्ही जिंकलात. खरं तर मी जिंकलो, पण तुमच्या वतीने आणि तुम्हाला न विचारता. विचारायची सोय नव्हती, आणि असती तरी तुम्ही नाहीच म्हणाला असता. मी तोच, तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली बसणारा, ज्याच्यामुळे तुम्ही पोह्यांच्या पातेल्यावर झाकण आणि झाकणावर वरवंटा ठेवायचात. आता मी मोठा झालोय असं आई सोडून सगळे म्हणतात. बारावी दोनदा दिली, दोन्ही वेळेला तिनेच मला नको म्हटलं, मग मी साउंडचं काम धरलं. लग्न, मुंडन, जागरण, सभा, काहीही असो, लखनौच्या या विकास नगरात कुणाला चार लोकांसमोर बोलायचं असलं की आधी मला फोन करावा लागतो. तुम्ही मला दर रविवारी मराठीच्या वर्गात ‘गप्प बस’ म्हणालात आणि आज माझं पोट लोकांच्या बडबडीवर भरतंय, बघा.

तर झालं असं, की आपल्या कॉलनीच्या सोसायटीने यंदा मे महिना मराठी लोकांना दिला. नाव ‘मराठी इतिहास माह’. महिनाभर कम्युनिटी हॉलची एक अख्खी भिंत आपली, दर रविवारी काहीतरी कार्यक्रम आणि शेवटच्या रविवारी मोठा समारंभ. हे सगळं मराठी मंडळाच्या सेक्रेटरी काकांनी घडवून आणलं. तुम्ही त्यांना बघितलेलं नाही, ते तुम्ही गेल्यानंतर आले, बँकेतून रिटायर झाले आणि इथेच राहिले. माणूस चांगला आहे, फक्त आपण बोलतोय ते सगळं कुणीतरी लिहून घेतंय असं समजून बोलतो. मे का, तर एक मे येतो म्हणून. मेमध्ये इथे भाजून काढणारी लू चालते आणि अर्धं मंडळ सुट्टीला नागपूर-साताऱ्याला पळालेलं असतं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. इतिहास आमचा, आणि तो सांगायला आम्हीच घरी नाही.

सोसायटीच्या मीटिंगला माइक माझाच होता. तुमच्या समोरच्या घरातले गॅस एजन्सीवाले अंकल उठले आणि म्हणाले, एकाच बिरादरीला पूरा महीना, ये कहाँ का इंसाफ है. मला राहवतंय का? मी तिथूनच म्हटलं, “अंकल, बाकी के ग्यारह तो आप ही के हैं.” हॉल हसला. मला माझाच फार अभिमान वाटला. अंकल मात्र हसले नाहीत. म्हणाले, “मेरे? बेटा, हमारे बाबा गोंडा से आए थे, अमीनाबाद में कपड़े का ठेला खींचते थे. उनका कौन से महीने में पड़ता है, बता दो. हम भी माला ले आएँगे.”

मी माइक त्यांच्याकडे धरून उभा राहिलो आणि पुढे एक शब्द सुचला नाही. तुम्ही असता तर कॅलेंडरवर खूण केली असतीत. घरी आलो तरी ते डोक्यातून जाईना. अकरा महिने नवाबांचे आहेत, पुढाऱ्यांचे आहेत, पुतळे असलेल्या लोकांचे आहेत. ठेलेवाल्या बाबांचे कुठे आहेत? आणि मग आपल्यालाच एक महिना कशाबद्दल, आपण काय मोठे तीर मारले?

तेव्हा तुमची आठवण आली, कारण यावर तुमचं मत मला पाठ आहे. शाळेत ‘आपापल्या राज्याचा वेश’ असा दिवस होता. मी पुठ्ठ्याची तलवार, कोळशाची दाढी, आईची शाल, असा महाराज होऊन आधी तुम्हाला दाखवायला आलो. तुम्ही ओट्यापाशी कांदा चिरताय. वर बघता, डोळ्यांत पाणी आहे, कांद्याचं असणार. विचारता, “तुझे बाबा ऑफिसला तलवार घेऊन जातात का रे?” मी म्हणतो, नाही, डबा घेऊन जातात. “मग डबा घेऊन जा. महाराज काही तुझ्या घरी राहत नाहीत, बाबा राहतात. वर्षातून एक दिवस मराठी व्हायचं आणि बाकीचे दिवस काय, सुट्टी?” मी खरंच बाबांचं हेल्मेट घालून, डबा घेऊन गेलो. शाळेच्या मॅडमने विचारलं, ये क्या बने हो. मी म्हटलं, महाराष्ट्र. मला रांगेतून बाहेर काढलं. तुम्ही त्या रविवारी मला दोनदा पोहे वाढलेत.

म्हणजे तुम्ही या महिन्याच्या विरोधातच असता. मीही होतो. पण भिंत बघायला गेलो आणि माझं मत फिरलं. काकांनी फ्लेक्स छापून आणले होते, किल्ले, तलवारी, भगवे फेटे, सगळं झकास. अर्धी भिंत तरी रिकामी होती, कारण फोटो आणून देणारी माणसं गावाला. मी म्हटलं, काका, इथे राहून गेलेल्यांपैकी पण कुणीतरी लावा ना. बाईंना लावा. काकांना ते आवडलं. पण खाली काय लिहायचं यावर गाडी अडली. काका म्हणाले, ‘मैडम’ लिहू. मी म्हटलं, मॅडम म्हणजे जिने मला रांगेतून काढलं ती. या बाई आहेत. काकांनी आवाज खाली केला. “अरे, समजून घे. इथे बाई म्हणजे काय होतं तुला ठाऊक आहे. लोक हसतील. आपल्याच महिन्यात आपलंच हसं?” कमिटीने हात वर केले, ‘मैडम’ पास झालं. माझा हात मोजलाच नाही, कारण मी कमिटीत नाही, मी साउंडवाला.

काकांचंही चूक नव्हतं म्हणा. मी पहिल्यांदा तुमच्या फाटकाबाहेरून ‘बाईऽऽ’ म्हणून ओरडलो तेव्हा समोरच्या आंटींनी माझ्या आईला विचारलं होतं, तुम्हारी बाई कितने घर करती है. आई लाजेने लाल. तुम्ही आतूनच उत्तर दिलंत, घरं नाही करत म्हणावं, पोरांची डोकी घासते. मग अंकलना कळलं की तुम्ही शिकवता, तर ते बिचारे आदराने फाटकापाशी उभे राहून मोठ्याने म्हणायला लागले, ‘बाईजी, नमस्कार.’ अख्ख्या गल्लीतले म्हातारे चहा नाकात जाऊन ठसकले, कारण लखनौत बाईजी म्हणजे कोठा, तबला आणि घुंगरू. तुम्ही पदर तोंडाला लावून हसताय, हसता हसता पाटावर बसताय. रागावला नाहीत. म्हणालात, “त्यांच्याकडे मोठमोठ्या घरची मुलं बोलायची रीत शिकायला जायची म्हणतात. माझ्याकडे हे माकड येतं.” आणि अंकलच्या मुलीला म्हणालात, तू पण ये गं रविवारी, पोहे आहेत. ती आली पोह्यांसाठी आणि आमच्या सगळ्यांच्या आधी ‘ळ’ म्हणायला शिकली. आम्ही मराठी घरातली पोरं ‘बाल’, ‘केला’, ‘शाला’ करत बसलेलो आणि ही गोंड्याची पोरगी टाळूला जीभ लावून खणखणीत ‘बाळ’. तुम्ही तिच्या पाठीवर थाप मारलीत आणि माझ्याकडे बघितलंत. त्या बघण्याचं मी अजून काही करू शकलेलो नाही.

तर तो ‘मैडम’ मला मान्य नव्हता. भांडून उपयोग नव्हता, हात मोजत नाहीत. पण साउंडचा मिक्सर माझा होता.

शेवटचा रविवार. हॉल गच्च भरलेला, कूलर घरघरतायत, मागे आपली जुनी रविवारची पलटण उभी, जेवढी शहरात होती तेवढी. काका पांढऱ्या झब्ब्यात माइकपाशी आले. तुमच्या फोटोकडे हात केला आणि म्हणाले, हमारी आदरणीय मैडम, आणि माइकने अशी शिट्टी मारली की पुढच्या रांगेतल्या आजींनी कान धरले. काकांनी माइकवर टिचकी मारली. परत, मैडम. परत शिट्टी. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मिक्सरवर वाकून डॉक्टरसारखा चेहरा केला. काय झालंय रे, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काका, गरमी से होता है, कुछ शब्द पकड़ता नहीं. कुठला शब्द? “म से शुरू होनेवाला.” मागची पलटण खुसखुसायला लागली. काका हुशार, त्यांनी ‘श्रीमती’ करून बघितलं. मधल्या ‘म’वरच शिट्टी. आता सगळा हॉल हसतोय, आणि तुमचा फोटो भिंतीवरून बघतोय, पदर तोंडाला लावायचा तेवढा बाकी.

काकांनी घाम पुसला. माझ्याकडे एकदा नीट बघितलं, कळलं त्यांना. मग हळूच म्हणाले, “आमच्या... बाई.” स्वच्छ गेलं, ‘आमच्या’तल्या ‘म’सकट. मी थोडा एको पण दिला, स्वतःकडून. आणि मागून, कुणीही न ठरवता, आमची पलटण दर रविवारी म्हणायची तसं लांबवून म्हणाली, न-म-स्ते बाऽऽई.

पुढे बसलेली दोन पोरं फिसकन हसली. बाई, म्हणे. काकांचा चेहरा उतरला, त्यांना ज्याची भीती होती तेच झालं. आणि तुमचं हसं झालं असतं तर ते माझ्यामुळे झालं असतं. तेवढ्यात गॅस एजन्सीवाले अंकल उठले आणि माइक मागितला. महिना नको म्हणणारा माणूस. मी क्षणभर थांबलो, पण दिला. या वेळी मिक्सरवरचा गेन शिट्टी येणार नाही इतकाच ठेवला.

अंकल त्या पोरांकडे वळून म्हणाले, “हँसो मत. पहले हम भी गलत बोलते थे, इज्जत के मारे जी लगा देते थे. जी लगाने से बिगड़ जाता है. इनके यहाँ बाई माने टीचर. पूरा शब्द है, इसमें कुछ जोड़ना नहीं पड़ता.” मग घसा खाकरला. “हमारी बिटिया पुणे में नौकरी करती है. मकान मालकिन से मराठी में लड़ती है. और जीतती है.”

बाई, तुम्ही टाळ्या ऐकायला हव्या होत्या. कूलरचा आवाज बुडाला. माझ्या स्पीकरांना इतकी वर्षं झाली, त्यांनी इतका मार कधी खाल्ला नव्हता. पुढची दोन पोरं पण वाजवत होती. काकांनी माझा कान धरला, सगळ्यांसमोर, आणि धरल्या धरल्याच म्हणाले, उद्या बोर्ड बदल, बाई लिही.

अंकलने पिशवीतून दोन हार काढले. एक तुमच्या फोटोला घातला. दुसरा हातात धरून तसेच उभे. मी त्यांना म्हटलं, बाबा का फोटो है घर में? ते गेले आणि घेऊन आले, ठेल्याला टेकून उभा असलेला बारीकसा माणूस, डोक्याला गमछा. काका म्हणायला लागले, पण हा मराठी महिना आहे. मी म्हटलं, काका, भिंत रिकामी आहे, मराठी गावाला गेलेत. काका स्वतःच खिळा शोधायला लागले. आता महिना संपून गेला तरी ते दोन फोटो शेजारी शेजारी आहेत, कुणी काढा म्हटलेलं नाही. उलट केरळच्या नर्सताई विचारून गेल्या, खिळे कुठे मिळाले.

तुम्ही म्हणाल, मग एक महिना दिला ते बरोबर का चूक? मला विचाराल तर बरोबर नव्हतंच ते. पण तो महिना नसता तर भिंत नसती, भिंत नसती तर अंकल चिडले नसते, आणि ते चिडले नसते तर त्यांचे बाबा घरातल्या कपाटावरच राहिले असते. तुमचं म्हणणं खरं, मराठी रोजच व्हायचं असतं. पण रोज कोण कुणाला माइक देतं, बाई? एक महिना हातात आला, मी तो धरून ठेवला. यावर तुम्ही रागावणार असाल तर रागवा, पण मी जिंकलो.

आता एकच. बोर्ड बदलताना काकांनी विचारलं, नुसतं बाई बरं दिसत नाही, यांचं स्वतःचं नाव काय? कुणालाच ठाऊक नव्हतं, सगळे बाईच म्हणायचे. तुमच्या मुलाला फोन लागत नाही. काकांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, माहीत नाही. आईने माझ्याकडे बघितलं आणि ती पण काही बोलली नाही. तुम्ही मला दिलेला स्टीलचा डबा आमच्याकडे आहे ना अजून, रुखवतातला, झाकणावर तुमचं माहेरचं नाव कोरलेला. तुम्ही म्हणाला होतात, लग्नात हे बदललं, इथे कुणाला ठाऊक नाही, आणि कुणी विचारलं तर तुलाही नाही. हे पत्र त्यातच ठेवणार होतो, पण आईने मेतकूट भरून ठेवलंय, म्हणते तुझ्या पत्राला वास लागेल आणि माझ्या मेतकुटाला शाई. तर हे आता कुठेच जाणार नाही.

मी काकांना सांगितलं नाही ते तुमचा शब्द पाळायला, असं आईला वाटतं. मी तिला वाटू दिलंय. पण तुमच्या नावात ‘ळ’ आहे, बाई. माइकवर म्हणावं लागलं असतं, आणि माझ्या तोंडून अजून ‘ल’च येतो.