म्हातारा उजवा गाल

मंगळवार, संध्याकाळ

लग्न लेकीचं आणि तोंड माझं मोजलं! सीवूड्सच्या त्या स्किन क्लिनिकमध्ये मशीनने फोटो काढले, सुरकुत्या मोजल्या. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "तुमचा उजवा गाल डाव्यापेक्षा म्हातारा दिसतोय. लेझरने दोन्ही सारखे करू."

लेक लगेच, "करून घे ना गं आई, फोटो छान येतील."

का करू? इतकी वर्षं कोपरखैरण्याची पोरं शाळेत सोडायला व्हॅन चालवली. ड्रायव्हरची खिडकी उजवीकडे, ऊन तिथूनच यायचं. त्या उजव्या गालाच्या जिवावर हिचं इंजिनीअरिंग झालं. डाव्याने काय केलं? सावलीत बसून राहिला.

म्हणे सारखे करू! लग्नात फोटोवाल्याला सांगणार आहे, माझे सगळे फोटो उजवीकडूनच काढ.