क्रमांक एकला फार मागणी

१७ जुलै १९९४, रविवार

आजपासून आडी महिना. आता महिनाभर कुंभकोणमात कोणी लग्न करणार नाही. म्हणजे लग्नं जुळवण्याची शास्त्रीय तयारी करायला हाच मुहूर्त. समाजाच्या सभेत आमचे सेक्रेटरी तुकोजीमामा यांनी जाहीर केलं, की आपल्या मराठी घरांतली सगळी स्थळं कॉम्प्युटरवर घालायची आणि काम विजयराघवकडे द्यायचं. म्हणजे माझ्याकडे. टाळ्या. (तीन-चार जणांच्या. बाकीचे कॉफी घेत होते.) तंजावरला केलेला कोर्स कारणी लागणार. इन्शुरन्स ऑफिसात माझी बुद्धी गंजत होती.

खासगी उद्देश : वय चौतीस. पुढचा आवणी महिना संपायच्या आत स्वतःचंही जमवणे.

२० जुलै

आपल्यात नावावरून माणूस शोधणं अशक्य. दर दुसरा माणूस व्यंकोबा, आणि इंग्रजीत प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. म्हणून मी नावच काढून टाकलं. मशीनमध्ये फक्त नंबर, आणि पुढे नक्षत्र, गोत्र, उंची, नोकरी, छंद, अपेक्षा. नावं-पत्ते तुकोजीमामांच्या कपाटात. कोर्समध्ये याला मेटाडेटा म्हणत, म्हणजे माहितीची माहिती. आईला अर्धा तास समजावलं. ती म्हणाली, मज सून दाखव, सुनेच्या माहितीची माहिती नको.

मुलगा की मुलगी, हे एका अक्षरात. जी म्हणजे ग्रूम, बी म्हणजे ब्राइड. सुटसुटीत.

माझी नोंद मी स्वतः टाइप केली. क्रमांक १. जी. छंद : गायन. (सुरू करायचं आहे.)

२३ जुलै

बाकीच्या नोंदी गोमती टाइप करते. व्यंकोबारावांची मुलगी. कॉम्प्युटर त्यांच्याच टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये असल्यामुळे तिला टाळता येत नाही. हात जलद, पण शंका फार. बी आणि जी म्हणजे काय, असं विचारत होती. म्हटलं, इंग्रजीतलं पहिलं अक्षर, पहिलीतल्या पोरालाही कळेल. ‘सरि’ म्हणाली आणि टाइप करू लागली. असं ठणकावून सांगितलं की कामं होतात.

कॉफी आणते. मला साखर किती लागते हे न सांगता ओळखलंन्. निरीक्षण बरं आहे.

२ ऑगस्ट

पहिली चाचणी. मशीनला विचारलं : मातृभाषा मराठी, स्वभाव शांत, अपेक्षा चांगलं घराणं. सगळेच्या सगळे आले. एकही सुटला नाही. याला म्हणतात सिस्टीम. गोमती म्हणाली, आपल्यात सगळ्यांचीच मातृभाषा मराठी, मग विचारायची कशाला? आणि अशांत स्वभाव कोण लिहून देईल? आणि हसत सुटली. सिस्टीमची खोली तिला कळायची नाही. हसते मात्र चांगली.

८ ऑगस्ट

घरोघरी जुळणीचे कागद पोस्टाने गेले. तुकोजीमामांनी तिकिटं चाटली. मी देखरेख केली.

१२ ऑगस्ट

क्रमांक एकला फार मागणी! मला वाटलंच होतं. इन्नंबूरच्या एका घराने विचारलंय, क्रमांक एकला दारापुढे तांदळाच्या पिठाचा कोलम काढता येतो का. दुसऱ्यांनी विचारलंय, लग्नानंतर नोकरी सोडायची तयारी आहे का. तिसऱ्यांना केसांची लांबी हवी आहे.

हल्ली मुलीकडचे फार चौकस झाले. पण काळाबरोबर चाललं पाहिजे. उत्तरं पाठवली : कोलम शिकून घेईन, नोकरी सोडणार नाही, केस मध्यम (मागे थोडे कमी).

उद्यापासून पहाटे कोलमचा सराव.

१३ ऑगस्ट

दार उघडलं तर आईने आधीच कोलम घातला होता. सराव रद्द.

१४ ऑगस्ट

सापडली! क्रमांक ४७. बी. नक्षत्र जुळतं, गोत्र वेगळं, पत्रिकेचे दहापैकी आठ पोरुत्तम. वय ३१, उंची पाच फूट नऊ. माझ्यापेक्षा चार इंच जास्त. मुलांना उपयोगी पडेल. तिरुभुवनमच्या रेशीम सोसायटीत अकाउंटंट. छंद : व्हॉलीबॉल. मोटरसायकल चालवता येते : होय. काय धडाडीची मुलगी! अपेक्षा : स्वयंपाक यावा. मला रसम येतं.

तुकोजीमामांकडे घर मागितलं. नाव मागितलं नाही. नियम करणाऱ्यानेच मोडला तर कसं? दारासुरम्, एकोजीरावांचं घर. येत्या रविवारी येतो म्हणून तुकोजीमामांच्या हाती निरोप धाडला.

२० ऑगस्ट

उद्या पाहायला जायचं. गोमतीलाही घेणार. पोरुत्तमचा कागद नीट समजावायला टेक्निकल माणूस हवा. ती म्हणाली, मज कशाला? पण शेवटी सरि म्हणाली. आईने तिला सांगितलं, जरा बरं पातळ नेस, आपल्या घरची शोभा दिसू दे.

२१ ऑगस्ट, रविवार

टाऊन बसने दारासुरम्. आई, मी, गोमती. फळं, नारळ, विड्याची वेत्रिलै, सगळं रीतसर.

एकोजीरावांनी अगत्याने बसवलं. सोज्जी-बज्जी आली, गोड शिरा आणि भजी. चव उत्तम. मी मुलीची वाट पाहत होतो. तेही कोणाची तरी वाट पाहत असावेत, कारण सारखे आमच्याकडेच बघत होते. समोर एक उंच, मिशीवाले गृहस्थ बसले होते. मला वाटलं, थोरला भाऊ.

मग एकोजीरावांनी मला विचारलं, मुलीचा भाऊ तुम्हीच कां? आणि गोमतीला, गाता येतं असं कागदावर आहे, एक पद म्हण. मी म्हटलं, क्रमांक एक मी आहे. मिशीवाले म्हणाले, क्रमांक सत्तेचाळीस मी. नाव वैद्यनाथ.

आईने नारळ परत पिशवीत ठेवला. मग गोमतीला हसू आलं, ते आवरेना. त्या हसण्याने वैद्यनाथही हसू लागला. मी आणखी एक बज्जी घेतली, कारण काहीतरी करायला हवं होतं.

बसमध्ये गोमतीने हळूच सांगितलं. तिने घातलं होतं, बी म्हणजे बॉय, जी म्हणजे गर्ल. इंग्रजीतलं पहिलं अक्षर.

२२ ऑगस्ट

शांतपणे विचार केला. सगळ्या नोंदी तिनेच केल्या, म्हणजे सगळ्या एकसारख्या. चुकलेली नोंद मशीनमध्ये एकच. क्रमांक १. इन्नंबूरच्या लोकांना काय कळवावं?

दोष इंग्रजी भाषेचा आहे.

२९ ऑगस्ट

दारासुरम्हून निरोप आला, त्या दिवशी कागद समजावायला आलेली मुलगी कोणाची? व्यंकोबाराव खूश. गोमतीला विचारलं, तर मान खाली घालून सरि म्हणाली. तुकोजीमामांनी माझी पाठ थोपटली. कॉम्प्युटरने जमवलेलं पहिलं लग्न! मीही म्हटलं, अर्थात.

घरी आल्यावर कॉफी केली. साखर चुकली.

११ सप्टेंबर, रविवार

लग्न परवा झालं. कॉफीची व्यवस्था माझ्याकडे होती, कोणी नावं ठेवली नाहीत. वैद्यनाथ माणूस चांगला आहे. त्याचा राग यावा म्हणून बराच प्रयत्न केला.

आज इन्स्टिट्यूटमध्ये एकटाच बसलो. क्रमांक १ चं अक्षर बदललं. जीच्या जागी बी. मशीनला पुन्हा विचारलं. सर्वांत वर क्रमांक २३. दहापैकी नऊ पोरुत्तम. वय २७. नोकरी : टायपिंग इन्स्टिट्यूट. छंद : हसणे. अपेक्षा : चुकलं तर चुकलं म्हणणारा नवरा.

जी आणि जी. मशीनने आम्हांला समोरासमोर आणलंच नसतं. रोज समोर बसत होतो ते वेगळं.

वाईट वाटलं. फार वाटलं. लिहून ठेवतो, उद्या कदाचित कबूल करणार नाही.

संकल्प : यापुढे इंग्रजी बंद, फक्त मराठी अक्षरं. व म्हणजे वर.

वधूसाठी कोणतं अक्षर घ्यावं, ते गोमतीला विचारलं असतं.